पाते कुठले, मूठ कुठली

१८ ऑगस्ट २०२५ रोजी नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार लंडनहून मुंबईत आली. महाराष्ट्र शासनाने सोथबीजच्या लिलावातून ती ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून मिळवली होती, आणि त्या दिवसांत तिच्याविषयी जे काही छापून आले त्यात ती परत आली या गोष्टीवरच साहजिकपणे सगळा भर होता. मला मात्र तिच्या छायाचित्रांत खिळवून ठेवले ते पात्याच्या पाठीवरच्या एका ओळीने. मुठीजवळ सोन्याच्या अक्षरांत, देवनागरीत तेथे लिहिले आहे : ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. आधी धन्याचे नाव, मग शाहू छत्रपतींनी दिलेला किताब, आणि शेवटी शस्त्राची जात. युरोपातून आलेले पाते ज्या तलवारीला आहे ती फिरंग. म्हणजे बंगाल-ओरिसापर्यंत फौजा नेणाऱ्या सरदाराने आपल्या तलवारीचे पाते परमुलखातले आहे ही गोष्ट लपवली तर नाहीच, उलट ती सोन्याने लिहून ठेवली.

जुन्या तलवारी पाहण्याचा, शक्य झाले तर हाताळण्याचा आणि त्यांच्याविषयी टिपणे करण्याचा मला अनेक वर्षांचा नाद आहे. माझा स्वतःचा संग्रह म्हणावा तर तो अगदीच बेताचा. त्यापेक्षा मोठी आहे ती टिपणांची आणि छायाचित्रांची चळत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील शस्त्रांसमोर घालवलेल्या दुपारी, जुन्या बाजारात गंजलेल्या अडकित्त्यांच्या आणि कुलपांच्या ढिगात मध्येच डोके वर काढणारी एखादी बिनम्यानी कट्यार, आणि स्नेह्यांच्या घरी खंडेनवमीला देवघरासमोर मांडलेली हत्यारे, ही माझी शाळा. या शाळेत एक गोष्ट फार लवकर लक्षात आली. तलवार दाखवणारा माणूस दोनच प्रश्न विचारतो : किती जुनी आणि कोणाची? तलवार मात्र या दोन प्रश्नांची उत्तरे सहसा देत नाही. पाते कोठे घडले, मूठ कोणी बसवली, ती मोडली तेव्हा कशी सांधली, धार किती वेळा लावली, या प्रश्नांना ती पुष्कळ मोकळेपणाने उत्तर देते, पण ते विचारणारे कमी असतात.

फिरंगीपासूनच सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण दख्खनच्या शस्त्रांत तिच्याइतके बोलके दुसरे काही नाही. सोळाव्या शतकापासून गोवा, चौल, वसई या पोर्तुगीज ठाण्यांतून आणि पुढे इंग्रज-डचांच्या वखारींतूनही युरोपीय पाती या किनाऱ्यावर उतरत होती. त्यांतली बरीचशी जर्मनीतील सोलिंगेनची, काही इटलीची, काही स्पेनची. सोलिंगेनला वुपर नदीच्या पाण्यावर चालणारी सहाणेची चक्रे होती. त्यामुळे तिथल्या पात्याची जाडी आणि त्यावरचे लांब चर, म्हणजे पात्याच्या लांबीभर जाणाऱ्या खाचा, इतके एकसारखे उतरतात की बोट फिरवले तरी फरक कळतो. हाताने ओढलेल्या देशी चराची कड कोठे ना कोठे किंचित डळमळते. पात्यावर उड्या मारणाऱ्या लांडग्याची पाच-सहा रेघांत काढलेली आकृती दिसली, तर ती आधी पासाऊच्या आणि नंतर सोलिंगेनच्या कारागिरांची खूण समजावी. जुन्या ठशांत ती इतकी ओबडधोबड असते की ‘हे घोरपडीचे चित्र आहे’ असेही मला एकाने मोठ्या विश्वासाने सांगितले आहे. पापण्यांच्या केसांसारख्या दातेरी कडांच्या दोन समोरासमोरच्या कोयत्यांची खूण मूळची उत्तर इटलीची, जेनोवाच्या नावाशी जोडलेली. पण ती पुढे जर्मनीत आणि ऑस्ट्रियात उचलली गेली, आणि गिऱ्हाइकाला ती ओळखीची झाली आहे हे पाहून हिंदुस्थानातल्या लोहारांनीही आपल्या पात्यांवर ठोकली. तेव्हा ही खूण दिसली की पाते इटालियन, हा निष्कर्ष टिकत नाही. खूण कोणत्या पात्यावर आहे आणि किती सफाईने उठली आहे, हे आधी पाहावे लागते.

अक्षरांचेही तसेच. ‘आंद्रेआ फेरारा’ हे नाव इतक्या पात्यांवर आढळते की एका माणसाने ती सारी घडवली असतील तर त्याला जेवायलाही सवड मिळाली नसेल. सोळाव्या शतकात इटलीतील बेल्लुनो येथे या नावाचा नामांकित कारागीर होऊन गेला. पुढे ते नाव चांगल्या पात्याची ग्वाही म्हणून सोलिंगेनवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरले. इराणी पात्यांवरचा ‘असदुल्ला इस्फहानी’ हा याचाच पूर्वेकडचा भाऊ. सोन्याच्या चौकटीत त्याचे नाव आणि शेजारी शाह अब्बासचे नाव असलेली पाती इतक्या वेगवेगळ्या काळांतली आहेत की त्यांना सही म्हणण्यापेक्षा शिफारसपत्र म्हणणे योग्य ठरेल. आकड्यांनी तर पुष्कळांना चकवले आहे. सोलिंगेनच्या पात्यांवर १४१४ हा आकडा अनेकदा येतो. तो शुभांक म्हणून घातला जाई. ते साल नव्हे. पण विकणारा तो आकडा बोटाने दाखवून ‘चौदाशे चौदा सालची आहे’ असे सांगतो, आणि घेणारा इंग्रजी आकडे डोळ्यांनी पाहिल्यावर विश्वास न ठेवण्याचे धैर्य करत नाही. अरबी अक्षरांच्या चार घरांच्या छोट्या चौकोनाचीही हीच गत होते. ती अक्षरे २, ४, ६, ८ या अंकांची आणि रक्षणाच्या यंत्राची असतात, आणि त्यांतून राजाचे नाव काढण्याचा खटाटोप करणारे पुष्कळ भेटतात.

युरोपीय पाते येथे आले म्हणजे ते जसेच्या तसे वापरले जाई असे नाही. दख्खनी कारागीर त्याची शेपटी, म्हणजे मुठीत शिरणारा मागचा अरुंद भाग, कापून टाकी, मुठीतून खाली उतरणाऱ्या दोन लांब पट्ट्यांच्या चिमट्यात ते बसवी आणि आरपार रिव्हेट मारून पक्के करी. मुठीची ताकद अशी पात्यावर पुढेपर्यंत नेली जाई. कधी पाठीच्या बाजूनेही एक पट्टी काही अंतरापर्यंत चालवलेली असते आणि तिची कड नागमोडी किंवा पाकळ्यांच्या आकारात कापलेली असते. ही पट्टी नुसती शोभेची नव्हे. लांब, लवचिक पाते घाव बसताना मुठीजवळ वाकू नये म्हणून ती असते, आणि तशीच पट्टी अस्सल देशी खांड्यालाही, म्हणजे रुंद, सरळ पात्याच्या तलवारीलाही, असते. म्हणून मला फिरंगीविषयी ‘आयात तलवार’ हा शब्द खटकतो. आयात झाले ते पाते, आणि तेही इथल्या मोजमापात बसवून घेतलेले. तंजावरच्या कट्यारींत तर हे आणखी उघड दिसते : लांब युरोपीय पाते कापून वितभर-दीड वितेचे केले आहे, जुने चर मध्येच तुटले आहेत, आणि त्यावर हाताच्या पाठीला झाकणारी, जाळीकाम केलेली शिंपलीसारखी पोलादी ढाल बसवली आहे. हे पाहताना घडवणाऱ्यापेक्षा कापणाऱ्याच्या नजरेचे कौतुक वाटते.

मुठीकडे वळले की आपल्या मुलखाची खरी ओळख पटू लागते. सपाट गोल तबकडी असलेली, आडव्या परजेची (हात वाचवणाऱ्या आडपट्टीची) आणि मध्ये फुगीर धरणीची (धरायच्या भागाची) मूठ म्हणजे नेहमीची तलवारीची मूठ. ती पंजाबपासून दख्खनपर्यंत सर्वत्र आहे, आणि तिच्या फुगवट्याच्या, तबकडीच्या कलाच्या बारीकसारीक फरकांवरून उदेपुरी, जोधपुरी, दिल्लीशाही अशी नावे पडली आहेत. ही नावे उपयोगी आहेत, पण ती फार ताणू नयेत. कारागीर आणि फौजा दोन्ही फिरत असत. महाराष्ट्रात बागलाणातील मुल्हेरच्या मुठींची ख्याती होती आणि ‘मुल्हेरी मूठ’ हा शब्द आजही जाणकारांच्या तोंडी आहे. खांडा आणि फिरंग यांची मूठ वेगळी : रुंद पत्र्याची परज, बोटांवरून वर जाणारी रुंद कमान, आतून बहुधा कापडाची गादी, आणि तबकडीच्या वर निघालेला वाकडा, जाड गज. हा गज दुसऱ्या हाताने धरून दोन्ही हातांचा घाव घालता येतो, आणि तलवार म्यानात असताना त्यावर हात टेकवून उभे राहता येते. जुन्या चित्रांतले सरदार तसेच उभे दिसतात. धोप नावाच्या तलवारीचे सरळ, एकधारी, लांब पाते घोडेस्वाराच्या कामाचे.

तलवारीची मूठ लहान असते म्हणून आपले पूर्वज लहान चणीचे होते, हे विधान मी संग्रहालयांतल्या रांगांत इतक्या वेळा ऐकले आहे की आता तिकडे वळूनही पाहत नाही. ती मूठ पंजात घट्ट बसावी, तबकडीने मनगटाला अडवावे आणि घाव ओढून घ्यावा लागावा, यासाठी ती तशी आहे. ज्याला ती आखूड वाटते तो ती भाजी कापण्याच्या सुरीसारखी धरतो आहे.

पट्टा मात्र कोणालाही चुकत नाही. कोपरापर्यंत हात झाकणारा पोलादी खोबळा, त्याच्या आत आडवी मूठ, वर हाताला बांधायची पट्टी आणि समोर लांब, सरळ, दुधारी, लवलवते पाते. हे पातेही पुष्कळदा युरोपीय असते, कारण असे लांब आणि पातळ पोलाद तिकडून तयार मिळे. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यांमुळे पट्टा आजही हातात जिवंत आहे, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. जुन्या पट्ट्याचा खोबळा पाहताना मी नेहमी आतली बाजू पाहतो. आडवी मूठ हाताने किती घासली गेली आहे आणि पट्टी बांधायची कडी किती झिजली आहे, यावरून तो मिरवणुकीचा होता की कामाचा, हे पुष्कळ अंशी कळते. बाहेरच्या वाघाच्या तोंडाच्या नक्षीवरून ते कळत नाही.

देशी तलवारीची मोठी अडचण अशी की तिच्या मुठीत काय दडले आहे ते दिसत नाही. पात्याची शेपटी मुठीच्या पोकळीत लाख किंवा राळेचे मिश्रण तापवून ओतून बसवलेली असते. ती काढायची तर मूठ तापवावी लागते, आणि मूठ तापवली की वरचे सोन्या-चांदीचे काम धोक्यात येते. त्यामुळे जाणता माणूस ती काढत नाही. जपानी तलवारीचे याच्या अगदी उलट आहे. तिथे बांबूची एक खुंटी ढकलली की मूठ निघते, आणि उघड्या शेपटीवर कारागिराचे नाव, कधी गाव, कधी सालही कोरलेले सापडते. शेपटीवरचा काळपट गंज तर मुद्दाम राखला जातो, कारण वयाचा अंदाज त्यावरूनच बांधतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या मराठा पलटणी लढल्या, आणि १९४५ मध्ये शरण आलेल्या जपानी फौजेकडून घेतलेल्या तलवारी निरनिराळ्या मार्गांनी हिंदुस्थानातही पोहोचल्या. त्यांची परीक्षा शेपटीवरच होते : कारखान्यात काढलेल्या शिपाईगडी तलवारीला ओतीव मूठ आणि पात्यावर ठोकलेला अनुक्रमांक असतो, तर एखाद्या अधिकाऱ्याने घरातले जुने पाते लष्करी मुठीत बसवून आणलेले असते, आणि बाहेरून दोघींत फरक थोडाच दिसतो. आपल्या कारागिरांनी अशी सही करण्याची रीत पाळली असती तर माझ्यासारख्यांचे काम किती सोपे झाले असते, असे मनात येते. पण मग इतका वेळ पाते उजेडात फिरवत बसण्याचे कारणही उरले नसते.

ते फिरवायचे कशासाठी, तर जौहर, म्हणजे पोलादाच्या अंगातली नक्षी, पाहण्यासाठी. दक्षिणेत लोखंडाचे तुकडे मातीच्या बंद मुशीत, लाकूड किंवा पाल्यासह, दीर्घकाळ तापवून पोलादाच्या वड्या पाडत. तेलंगणातील कोनासमुद्रमसारख्या गावांतून त्या वड्या इराणपर्यंत जात. या पोलादात कर्ब साधारण दीड टक्का, म्हणजे नेहमीच्या पोलादाच्या मानाने पुष्कळ. मूस सावकाश निवली आणि वडी फार न तापवता धीराने ठोकली की लोह-कर्बाचे सूक्ष्म कण थरांत गोळा होतात, आणि हिराकसाच्या सौम्य पाण्याने पाते पुसले की गडद जमिनीवर फिकट रेघांची बारीक, कोठेच हुबेहूब न जुळणारी नक्षी उमटते. तिची नक्कल आजकाल वेगवेगळ्या पोलादांच्या पट्ट्या एकत्र ठोकून आणि पिळून करतात. ती नक्षी ठसठशीत असते आणि ठरावीक अंतराने परत येते. दुरूनच ‘मला पाहा’ म्हणते. खऱ्या जौहराला जवळ जावे लागते, आणि पुष्कळदा तो गंजाखाली पूर्ण झोपलेला असतो. सगळ्याच चांगल्या तलवारी जौहरदार असतात असेही नाही. सिरोहीच्या हलक्या, सुरेख पात्यांना केवळ घडणीसाठी आणि धारेसाठी नाव होते, आणि आपल्या कामाच्या तलवारींपैकी बहुतेकींवर नक्षी नावालाही सापडणार नाही.

शस्त्रागार एकत्र राहिले तर ही सारी ओळख किती सोपी होते याची साक्ष बिकानेर देते. १६८९ च्या सुमारास अदोनीच्या मोहिमेत महाराजा अनुपसिंहाच्या हाती दख्खनी शस्त्रांचा मोठा साठा लागला, आणि बिकानेरच्या कारकुनांनी त्यांतल्या अनेक हत्यारांवर टिंबा-टिंबांची देवनागरी अक्षरे ठोकून ती कोठून आणि कधी आली हे नोंदवले. कोणा भावी संशोधकासाठी त्यांनी हे केले नव्हते; मालाची मोजदाद करणे हे त्यांचे काम होते. पण दख्खनच्या सतराव्या शतकातील मुठी कशा असत हे आज खात्रीने सांगता येते ते या टिंबांच्या आधारावर. तंजावरच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. १८५५ मध्ये तंजावरचे मराठी राज्य खालसा झाले, आणि तिथले शस्त्रागार १८६० च्या दशकात मोडीत निघाले. मद्रासच्या संग्रहालयासाठी काही निवडक शस्त्रे बाजूला काढली गेली, बाकीची लोखंडाच्या भावाने गेली. जी वाचली त्यांतल्या काही कट्यारी जगभर फिरून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जॉर्ज कॅमेरॉन स्टोन यांच्या १९३५ च्या मृत्युपत्राने गेल्या. त्यांच्या मागे ‘तंजावर’ एवढे नाव उरले. कोणत्या दालनात, कोणत्या खुंटीवर त्या टांगल्या होत्या हे सांगणारे कोणी उरले नाही.

इथे मी त्या विषयाशी येतो ज्यावर घरोघरी मतभेद होतात. इसवी सन १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूर दरबाराकडून मिळालेली आणि आपल्याकडे शिवाजी महाराजांची ‘जगदंबा’ म्हणून ओळखली जाणारी तलवार ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिचे पाते सरळ, युरोपीय, सतराव्या शतकातले आहे, आणि त्यावर ‘आयएचएस’ ही येशूच्या नावाची रोमन अक्षरे ठोकलेली आहेत. हे सांगितले की काही चेहरे पडतात. ते का पडावेत हे मला खरोखर कळत नाही. सतराव्या शतकातल्या दख्खनी राजाच्या तलवारीला युरोपीय पाते असणे हे तर काळाशी जुळणारे लक्षण आहे. पाते देशी आणि एकोणिसाव्या शतकातले निघाले असते तर काळजी करायला जागा होती.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली तेव्हाही असेच झाले. त्यांच्या पेटीवर इंग्रजीत लिहिले आहे की ही शिवाजीची वाघनखे असून साताऱ्याचा रेसिडेंट असताना जेम्स ग्रँट डफला ती पेशव्यांच्या प्रधानाने दिली. ग्रँट डफ साताऱ्यास होता १८१८ ते १८२२ या काळात, म्हणजे प्रतापगडच्या भेटीनंतर सुमारे १६० वर्षांनी. त्या दोन टोकांच्या मध्ये ही वस्तू कोठे होती याचा कागद नाही, आणि संग्रहालयानेही हीच ती वाघनखे हे सिद्ध करता येत नसल्याचे स्पष्ट सांगितले आहे. एका बाजूने ‘तीच आहेत’ आणि दुसऱ्या बाजूने ‘तोतयेगिरी आहे’ असा गलका झाला. माझ्या मते दोन्ही बाजू वस्तूकडे न पाहता बोलत होत्या. पेटीवरचा मजकूर हा एकोणिसाव्या शतकात त्या वस्तूविषयी कोणाचा काय समज होता याचा अस्सल पुरावा आहे, आणि तो तेवढाच आहे.

कथेला किंमत असते हे बाजार जाणतो. मे २०२३ मध्ये टिपू सुलतानाच्या शयनगृहातली म्हणून नोंदलेली तलवार लंडनला १ कोटी ४० लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडले त्यानंतरचा तिचा कागदोपत्री मागोवा लागतो, म्हणून ती किंमत. तेवढेच देखणे पाते, तसलेच सोनेकाम आणि कागद नाही, तर किंमत त्याच्या अंशानेही येत नाही. म्हणूनच गावोगावी कागद आणि कोरीव अक्षरे तयार करणारे निर्माण झाले आहेत. नव्याने कोरलेल्या देवनागरी अक्षरांच्या कडा भिंगाखाली तीक्ष्ण आणि चकचकीत दिसतात, अक्षरांचे वळण छापील असते, आणि अठराव्या शतकातल्या माणसाला एखाद्या सरदाराचे नाव आजच्या पाठ्यपुस्तकातल्या शुद्धलेखनाप्रमाणे लिहिण्याची बुद्धी झालेली असते. रघुजींच्या तलवारीवर ‘राघोजी’ आहे, हे या ठिकाणी आठवावे. गंजही बनवता येतो. पण आम्लाने खाल्लेला पृष्ठभाग सर्वत्र सारखाच खडबडीत असतो, आणि खऱ्या जुन्या लोखंडावर हाताच्या जागी, म्यानाच्या तोंडाशी, ओल साचे त्या टोकाशी वेगवेगळा रंग चढलेला असतो.

नकलेपेक्षाही अधिक नुकसान आपल्याच घरात, भक्तीने आणि स्वच्छतेने होते. खंडेनवमीला हत्यार खाली काढायचे, पॉलिश पेपरने घासून लख्ख करायचे, वर हळदकुंकू, गंध आणि पाणी शिंपडून ते तसेच म्यानात घालायचे, असे कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. घासण्याने जौहर जातो, पाठीवरचे अक्षर जाते, आणि मुठीवरचे कोफ्तगिरीचे सोने तर पहिल्या दोन-तीन हातांतच उडते, कारण ते लोखंड खरवडून उठवलेल्या बारीक आडव्या-उभ्या रेघांवर नुसते ठोकून बसवलेले असते. पूर्वी हे काम शिकलगाराचे, म्हणजे हत्यारे घासून धार लावणाऱ्याचे, होते. त्याला कोठे हात थांबवायचा ते ठाऊक असे. आज पूजा करावी, अवश्य करावी. फक्त कुंकू पात्याऐवजी शेजारच्या तबकात वाहावे, सुती कापडाने कोरडे पुसावे, खनिज तेलाचा पातळ हात द्यावा, आणि पाते दमट म्यानात न ठेवता वेगळे ठेवावे. म्यानाचे कातडे आणि लाकूड ओल धरतात, आणि उरलेले पाते तीच खाते.

कायद्याचे दोन शब्द सांगणे भाग आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत तलवार ही शस्त्र म्हणून गणली जाते, आणि आपल्या जिल्ह्यात ती बाळगण्याबाबत काय आदेश आहेत याची विचारणा पोलीस ठाण्यात करणे शहाणपणाचे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी तलवार खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायचा तर परवाना लागतो. परदेशात राहणारे काही आप्त ‘आजोबांची तलवार भिंतीवर लावायला नेतो’ म्हणतात तेव्हा त्यांना हे विमानतळाऐवजी घरीच सांगितलेले बरे.

कोणी आपली तलवार दाखवून ‘लिहून द्या’ म्हणाले की मी एका कागदावर तीन स्वतंत्र नोंदी करतो आणि त्या एकमेकींत मिसळू देत नाही. पाते : सरळ की वक्र, एकधारी की दुधारी, लांबी, मुठीजवळची आणि टोकाजवळची रुंदी, पाठीची जाडी, चर किती आणि कोठे थांबतात, खुणा कोणत्या, जौहर दिसतो का. मूठ : प्रकार, धातू, सोन्या-चांदीचे काम वरवर ठोकलेले की खोदून बसवलेले, पात्याशी सांधा लाखेचा की रिव्हेटचा, तो पुन्हा केल्याच्या खुणा. म्यान : लाकूड, कातडे, मखमल, टोपणे, आणि पात्याशी वाक जुळतो का. बहुतेक वेळा या तिन्हींची वये वेगळी निघतात. सतराव्या शतकातले जर्मन पाते, अठराव्या शतकातली दख्खनी मूठ आणि पन्नास वर्षांपूर्वी लग्नासाठी शिवलेले लाल मखमलीचे म्यान हे त्रिकूट मी पुष्कळदा पाहिले आहे, आणि त्यात कमीपणा मानण्याजोगे काही नाही. तलवार वापरात होती, मोडली, दुरुस्त झाली, एवढाच त्याचा अर्थ. घरात जी कथा सांगतात ती मी कागदाच्या पाठीमागे लिहितो, सांगणाऱ्याचे नाते आणि सांगितल्याची तारीख घालून, शक्यतो त्याच्याच शब्दांत. एका घरच्या वडीलधाऱ्या बाईंनी यावर हरकत घेतली. कथा पुढच्या बाजूला हवी, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना म्हटले, पुढची बाजू लोखंडाची आहे, मागची तुमची. त्या हसल्या, पण त्यांचे समाधान झाले नाही, आणि कागद देवघरात लावताना त्यांनी तो उलटाच लावला.